दोन बोटं खाली

"वन्सं, आजही दुपारचं पीठ जळकं आलं," असं वहिनीनं सलग पाचव्या दिवशी फोनवर सांगितलं, तेव्हा माझं डोकं सणकलं. सकाळचं पीठ चांगलं आणि दुपारचं जळकं. तोच गहू, तीच मोटर, तेच दगड. मग दुपारी काय गिरणीत करणी होते? मी हातातला गोळा परातीत आपटला, कामाच्या बायकांना भट्टीकडे बघायला सांगितलं आणि पायात चपला अडकवून निघाले.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. त्याची दगडी गिरणी माझ्या बेकरीपासून दोन गल्ल्या सोडून, त्याच्या घराच्याच मागच्या खोलीत. तो गेल्यावर वहिनीनं ती बंद केली नाही. रडली, उठली, आणि तिसऱ्या आठवड्यात पट्टा चढवून मोटर सुरू केली. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. पण दुपारचं जळकं पीठ दोन-तीनदा घरी गेल्यावर गिऱ्हाईक फुटायला लागलं. मनुष्य एकदा ऐकून घेतो, दोनदा घेतो. तिसऱ्यांदा तो पलीकडच्या चौकात जातो.

त्यात तो रोलरवाला टपून बसला होता. गुळगुळीत दाढीचा, गोड बोलणारा माणूस. त्याला ती जागा हवी होती. दगड काढून टाकायचे आणि लोखंडी रुळांचं मशीन बसवायचं. महिनाअखेरीस उत्तर द्या म्हणाला होता. वहिनी त्याला हो म्हणेना, नाही म्हणेना. नुसतं "बघू."

मला ती गिरणी वाचवायची होती. एवढं एकच हवं होतं मला, आणि का हवं होतं ते सांगायला माझी जीभ आजही जड होते.

झालं असं की दादा जायच्या आधी एक वर्ष मी त्याचं पीठ घेणं बंद केलं होतं. सख्ख्या भावाचं. गिऱ्हाइकांना मऊ पाव हवा होता, उशीसारखा फुगलेला. दादाच्या पिठाचा पाव चवीला असा की नुसता खावा, पण बसका, वजनदार. आणि पीठ टिकायचं नाही. दगडाखाली अख्खा गहू दळला जातो, त्यातला तेलकट अंकुरही पिठातच राहतो, म्हणून वास गोड येतो; पण त्याच तेलानं पीठ महिन्याभरात खवट होतं. रोलरचं तसं नाही. तिथं लोखंडी रूळ गहू सोलतात. कोंडा एकीकडे, अंकुर एकीकडे, पांढरं पीठ एकीकडे. मग पांढऱ्यात कोंडा परत मिसळायचा आणि पोत्यावर लिहायचं, संपूर्ण गहू. अंकुर बहुतेक वेळा परत येतच नाही. सहा महिने ठेवा, ढिम्म काही होत नाही त्याला.

बंद केलं ते केलं, पण गपचूप करावं की नाही? मी रोलरच्या पिठाचा पाव घेऊन गिरणीत गेले, चार गिऱ्हाइकं उभी असताना त्याच्यासमोर कापला आणि म्हटलं, "हे बघ दादा, जमाना कुठं गेलाय. तुझ्या दगडांना जमतं का असं?" उचलली जीभ लावली टाळ्याला. लहानपणापासून तो मला ठिणगी म्हणायचा, ते उगाच नाही. दादानं तो तुकडा हातात घेतला, दाबून पाहिला, सोडला. तुकडा परत फुगला. "बघतो," म्हणाला. एवढंच. पुढे वर्षभर आम्ही बोललो, हसलो, पण पिठाचा विषय त्यानं काढला नाही आणि मीही नाही. मग एके दिवशी भर दुपारी तो गिरणीतच गेला. पीठ पडतं त्या पन्हळीपाशी स्टुलावर बसलेला, एक हात पिठात.

तर, मी गिरणीत पोचले तेव्हा टाकीवाला बाहेर पायरीवर बसला होता. सत्तरीचा म्हातारा. दगड घासून गुळगुळीत झाले की त्यांना छिन्नीनं परत खाचा पाडायच्या, टाकी लावायची, हे त्याचं काम. दादा गेल्यापासून वहिनीला मदत म्हणून तो रोज यायला लागला होता. मी त्याच्यावरच घसरले.

"काय हो, टाकी नीट लावली होती ना? की हातासरशी उरकलीत?"

"बाई, पन्नास वर्षं दगड फोडतोय मी," तो म्हणाला. "दगडाला काही झालेलं नाही. या, दाखवतो."

आत दोन दगड एकावर एक आडवे. खालचा बसून असतो, वरचा फिरतो. बाजूला एक लोखंडी चाक, गाडीच्या स्टिअरिंगएवढं. ते फिरवलं की वरचा दगड केसभर वर जातो किंवा खाली येतो. सगळी विद्या त्या चाकात. दगड लांब ठेवला तर पीठ जाड, जवळ आणला तर मऊ. पण फार जवळ आणला तर दगड तापतात. तापलेलं, नको तितकं चिरडलेलं पीठ मळताना बदाबदा पाणी पितं आणि भट्टीत गेलं की सोडून देतं. पाव वर चढायच्या ऐवजी आडवा पसरतो आणि आत चिकट राहतो. म्हणून दादा पिठाची धार चिमटीत धरून अंगठ्यानं चोळत बसायचा. डोळे मिटून. बोटांना कळायचं त्याच्या.

टाकीवाल्यानं चाकाच्या कडेवरची खडूची रेघ दाखवली. "ही मी सकाळी मारली. चाक या खुणेवर असताना पीठ थंड, मोकळं. बारा वाजता पट्टा उतरवला, कुलूप लावलं, वहिनींनी किल्ली घेतली. दोनला उघडलं तर रेघ इथं." त्यानं दोन बोटं आडवी धरली. चाक दोन बोटं सरकलं होतं. म्हणजे दगड खाली आला होता.

"आपोआप?"

"मी कुठं म्हणतो आपोआप?" म्हातारा म्हणाला, आणि दुसरीकडे बघायला लागला.

बारा ते दोन गिरणी बंद, हा दादाचा नियम. दगडांना थंड होऊ द्यायचं. "सकाळपासून गरगरतोय बिचारा, टेकू दे जरा," म्हणायचा. वहिनीनं तो नियम मोडला नव्हता.

"उद्या दुपारी मी आत बसते," मी म्हटलं. "बघू कोण शहाणा चाक फिरवतो ते."

वहिनी दारात उभी होती. "बसा की," म्हणाली. मला वाटलं घाबरेल, अडवेल. पण तिचा चेहरा मला वाचता येईना.

दुसऱ्या दिवशी बाराला त्यांनी बाहेरून कुलूप लावलं. मी दादाच्या स्टुलावर बसले. वरच्या झरोक्यातून ऊन आत येत होतं आणि त्यात पिठाचे कण तरंगत होते. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. दगडांची ऊब अजून पाठीला लागत होती. मी मनातल्या मनात टाकीवाल्याला शिव्या देत होते, कारण तोच लबाडी करत असणार, रोलरवाल्यानं फोडला असणार, असं मी जवळजवळ ठरवूनच आले होते.

साडेबाराच्या सुमारास भांड्यांचा आवाज थांबला. भांडी घासून झाली असतील असं मला वाटलं. मग लक्षात आलं की रस्त्यावरचाही आवाज येत नाहीये.

मग खसखस ऐकू आली. अगदी बारीक. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासल्यावर, मध्ये पीठ असताना जी येते ती. लहानपणी मी ती इतकी ऐकली आहे की झोपेतही ओळखीन. पन्हळीखालच्या पिठाच्या ढिगात एक खळगा पडला. हात घातल्यावर पडतो तसा. मी बघत होते. माझ्या डोळ्यांसमोर पडला. खोटं कशाला बोलू, "दादा" म्हणून हाक मारायचंही धाडस मला झालं नाही. एरवी माझ्या तोंडाचा पट्टा कुणाला आवरत नाही.

चाक करकरलं. सावकाश, अंदाज घेत घेत खडूची रेघ सरकली. एक बोट. थांबली. परत खसखस. मग आणखी एक बोट. आणि ती जिथं थांबली तिथं चाकालगतच्या लोखंडी चौकटीवर कानशीनं घासून केलेली एक जुनी खूण होती. खडूची नाही, कायमची. काल ती माझ्या नजरेतून सुटली होती.

मी दार बडवलं. वहिनीनं उघडलं. ती तिथंच, दारालगत भिंतीला टेकून बसलेली असावी, कारण तिला यायला क्षणही लागला नाही.

स्वयंपाकघरात तिनं मला पाणी दिलं. मी तांब्या तसाच तोंडाला लावला.

"ती कानशीची खूण कसली?" मी विचारलं.

"तुमची," वहिनी म्हणाली.

"माझी?"

"तो पाव दाखवून गेलात ना तुम्ही? त्या दिवसापासून दुपारी जेवण झालं की झोपायचं सोडून, स्वतःचाच नियम मोडून, हे आतून कडी लावून बसायचे. रोज पाच किलो गहू दळायचे. तुम्हाला हवं तसं मऊ पीठ काढायला. दगड आणखी जवळ, आणखी जवळ. त्यातलं थोडं मला आणून द्यायचे, पाव कर म्हणायचे. मी करायची. रोज बसका. रोज चिकट. हे खायचे मुकाट्यानं आणि म्हणायचे, 'अजून एक बोट कमी-जास्त करून बघतो. ठिणगीला आवडेल असं निघेल एक दिवस.' शेवटी त्या खुणेवर आले होते. तिथं जरा बरं वाटलं होतं त्यांना."

"अगं, पण दगडातून रोलरचं पीठ निघतच नाही! दादाला कळत नव्हतं?"

"तुमच्यापेक्षा जास्त कळत होतं."

"मग मला सांगितलं का नाहीस, वहिनी? वर्षभर!"

"तुम्ही विचारलंत?"

तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही चढवला असता, भांडण झालं असतं, आणि मला बरं वाटलं असतं. मी तिथं खुर्चीवर बसून लहान पोरीसारखी रडले. वहिनी ओट्याशी उभी राहून तांब्या विसळत राहिली.

त्या रात्री मी एकच गोष्ट ठरवली. सकाळी गिरणीचं पहिलं पीठ घेतलं, जाड, थंड, दादाच्या नेहमीच्या खुणेवरचं. नेहमीसारखी घाई केली नाही. पिठाला पाणी पिऊ दिलं, तासभर झाकून ठेवलं, म्हणजे कोंडा भिजून नरम पडतो आणि गोळ्याचा चिवटपणा तोडत नाही. वीस वर्षं बेकरी चालवून मी हे करत नव्हते, कारण थांबायला वेळ नव्हता, आणि रोलरच्या पिठाला तर कशाचीच वाट बघावी लागत नाही. मग बेतानं मळलं, फुगू दिलं, भाजलं. पाव उशीसारखा झाला नाही. पण वर चढला. कवच कडक, आत ओलसर, मोकळी जाळी, आणि वास असा की कामाची बाई म्हणाली, "हे काय केलंत आज?" दादाचं पीठ बसकं नव्हतंच. मला दम नव्हता.

तो गरम पाव फडक्यात गुंडाळून मी बाराला गिरणीत शिरले. या वेळी स्टुलावर बसले नाही. स्टुलासमोर उभी राहिले.

खसखस सुरू झाली तशी मी बोलायला लागले. भीती वाटतच होती. "दादा, हा बघ. तुझ्या पिठाचा आहे. जाड पिठाचा. मी चुकले रे. मला पीठ वाईट वाटत होतं, पण मलाच ते हाताळता येत नव्हतं. चार लोकांसमोर तुझा पाणउतारा केला मी. मला मऊ पीठ नको. तुझं होतं तेच हवंय." मी पाव मोडला आणि स्टुलावर ठेवला. मग दोन्ही हातांनी चाक धरलं आणि मागे फिरवायला लागले.

ते फिरेना. पलीकडून कुणीतरी धरल्यासारखं. जोर नव्हता त्यात, नुसतं धरलेलं. लहानपणी रस्ता ओलांडताना दादा माझं मनगट असंच धरायचा. मी म्हटलं, "पुरे झालं दादा. दमलास. सोड आता."

चाक सुटलं. इतकं एकदम सुटलं की मी धडपडले. रेघ आपल्या जागेवर आली. रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजला, शेजारी कुणीतरी नळ सोडला.

दोन वाजता मोटर सुरू झाली. पन्हळीतून पीठ पडलं ते थंड, मोकळं, गव्हाच्या वासाचं. टाकीवाल्यानं चिमटीत चोळून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "आलं! मालकांच्या हातचं आलं!" मी तर नाचायचीच बाकी होते. वहिनी पीठ बघायला पुढे आली नाही. मला वाटलं, दमली असेल.

दुसऱ्या दिवशीही रेघ जागेवर. तिसऱ्या दिवशीही. मी रोलरच्या पिठाची ऑर्डर बंद केली. बेकरीबाहेर पाटी लावली, दगडी गिरणीच्या पिठाचा पाव. पहिल्या दिवशी बारा विकले, दुसऱ्या दिवशी चाळीस. गिरणी वाचली म्हणून मी गल्लीभर सांगत सुटले. महिनाअखेरीला अजून नऊ दिवस होते. येऊ दे तो गुळगुळीत दाढीवाला, म्हटलं, मीच त्याला दारातून परत पाठवते.

चौथ्या दिवशी बाराला गेले तर गिरणीचं दार सताड उघडं. आत वहिनी स्टुलावर बसली होती, हात चाकावर.

"त्याला फोन केला मी," ती म्हणाली. "रोलरवाल्याला. दोनला येतोय. दगड घेऊन जा म्हटलं."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चुकलं. "वहिनी, वेड लागलं का तुला? आता कुठं पीठ सुधारलंय! गिऱ्हाईक परत येतंय!"

"पीठ सुधारलं," ती म्हणाली. "तुमचं."

"म्हणजे?"

"मला चाक मागे फिरवता येत नव्हतं का, वन्सं? तीस वर्षं या गिरणीत वावरले. दोन बोटं मागे घ्यायला कितीसं लागतं? दोन वाजता आत यायचं, फिरवायचं, झालं. नाही फिरवलं मी. टाकीवाला सकाळी फिरवायचा, पण दुपारी मी त्यालाही हात लावू दिला नाही. तीन महिने जळकं पीठ दळलं, लोकांची बोलणी खाल्ली, गिऱ्हाईक जाऊ दिलं. कशासाठी?" तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "बारा ते दोन हे इथं असायचे. मी दाराबाहेर बसायची. चाक वाजायचं, खसखस यायची. नवरा दुपारी कामात आहे असं वाटायचं मला. बस्स, तेवढंच होतं माझ्याकडे. तीन दिवस झाले, मी बसतेय बाहेर. काही येत नाही."

"मग मला बोलावलंस कशाला? रोज फोन का केलास?"

"तुमच्यासाठी येत होते ते. निदान एकदा तुम्ही बघावं असं वाटलं. बघा म्हटलं होतं मी. घालवा नव्हतं म्हटलं."

मग मी ते केलं, जे करायची मला लाज वाटायला हवी होती आणि वाटली नाही. मी दार लावून घेतलं. पन्हळीखाली हात घातला, मूठभर पीठ उचललं आणि खोलीच्या मध्यावर उभी राहून ओरडले.

"दादा! हे पीठ जाड आहे रे! नाही चालत मला! लोक परत करतात माझा पाव! अजून मऊ हवंय, ऐकतोस ना? अजून दोन बोटं खाली घे! दादा!"

वहिनी चाकावरचा हात काढून उभी राहिली. तिचे डोळे त्या खडूच्या रेघेवर खिळले होते. मी पुन्हा ओरडले, वाटेल ते बोलले, त्याच्या दगडांना नावं ठेवली, त्याच्या हाताला नावं ठेवली. आम्ही दोघी वाट बघत राहिलो. शेजारची भांडी वाजत होती, रस्त्यावरून गाड्या जात होत्या, आणि ते आवाज काही केल्या थांबेनात.

रेघ हलली नाही. माझ्या मुठीतलं पीठ थंड होतं, मोकळं होतं, त्यात काडीचाही दोष नव्हता, आणि ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

दोन वाजता टाकीवाल्यानं दार ठोठावलं आणि बाहेरूनच सांगितलं की ते गृहस्थ आलेत. वहिनीनं माझी मूठ सोडवली, पीठ परत ढिगात टाकलं आणि दार उघडायला गेली.